कारणाचा रकाना

खरात भाऊसाहेबांच्या टेबलाच्या वरच्या खणात सात चष्मे होते आणि त्यांतला एकही त्यांचा नव्हता. त्यांची स्वतःची नजर निवृत्तीपर्यंत शाबूत होती. चष्मे अर्जदारांसाठी होते. इंदापूरच्या आठवडे बाजारात जुने चष्मे विकणारा एक जण बसायचा, त्याच्याकडून त्यांनी ते एकेक करून निवडून आणले होते. म्हातारं माणूस समोर येऊन बसलं की भाऊसाहेब खण उघडत, चष्मे पुढं सरकवत आणि म्हणत, "घाला एकेक. कुठला चालतोय बगा. आपण कशावर अंगठा उठवतोय ते दिसलं पायजे."

मग दहा मिनिटं चष्म्यांची अदलाबदल चाले आणि मागं रांग खोळंबून राही. रांगेतून कुरकुर आली की ते तिकडंही न बघता सांगत, "बसा. कागुद पळून जात न्हाय."

अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नाही, मग त्याला चष्मा कशाला, असं मी पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं होतं. "बाई," ते म्हणाले, "वाचता येत न्हाय. पर दिसू नये असं कुठं हाय?" आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

इंदापूरच्या तहसील कचेरीत मी लागले ती अनुकंपा तत्त्वावर. नवरा महसूल खात्यात होता. तो गेल्यावर त्याच्या जागी मला नोकरी मिळायला चार वर्षं गेली आणि त्या चार वर्षांत मी इतक्या कचेऱ्यांत इतके अर्ज दिले, की कारकून या जमातीबद्दल माझं मत कायमचं ठरून गेलं. मी स्वतः कारकून झाले तरी ते बदललं नाही. खरात भाऊसाहेबांसाठी तेवढा एक अपवाद करावा लागला, तोही नाइलाजानं. नव्वदचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. मी बारामतीला राहत असे, दोन पोरं सासूबाईंच्या हवाली करून सकाळची एसटी पकडत असे, आणि कचेरीत पोचेपर्यंत माझा निम्मा राग प्रवासातच वापरून झालेला असे. उरलेला निम्मा भाऊसाहेबांच्या वाट्याला येई. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांच्याकडं निराधार योजनेचं टेबल होतं. ज्यांना कुणी नाही अशा विधवा, म्हातारी माणसं, अपंग यांना सरकार महिन्याला थोडे पैसे देई. गावात त्याला निराधारचा पगार म्हणत. तो मिळवायला अकरा कागद लागत. वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नवरा गेल्याचा दाखला, गावात राहत असल्याचा दाखला, असे एकेक करत अकरा. ज्याच्याकडं हे अकराच्या अकरा असतील तो माणूस निराधार असणं कठीण, असं माझं तेव्हाही मत होतं. भाऊसाहेबांचंही असावं, पण ते मतं बोलून दाखवत नसत.

नरसिंहपूरचे गणपततात्या म्हणून एक आजोबा होते, एका डोळ्यानं अधू झालेले. दोन एसट्या बदलून सात वेळा आले. भाऊसाहेब तेव्हा दीर्घ रजेवर होते आणि टेबल दुसऱ्या कुणाकडं होतं. सातही वेळा तात्यांना एकच सांगितलं गेलं, उत्पन्नाचा दाखला जोडा. आठव्या खेपेला भाऊसाहेब जागेवर होते. त्यांनी कागद पाहिले आणि विचारलं, "तात्या, ह्यो दाखला कुठं मिळतो ठावं हाय का?"

"न्हाय बा," तात्या म्हणाले. "परत्येक डावाला इचारायचं ठरवून येतो अन् हितं आलं की भ्या वाटतं."

भाऊसाहेब उठले. तिथून तिसऱ्या टेबलापाशी गेले, तात्यांच्या फायलीवरचा तलाठ्याचा अहवाल तिथं ठेवला आणि दाखला तयार होईपर्यंत हलले नाहीत. चहाच्या सुट्टीपर्यंत ते दाखला घेऊन परत आले. तो दाखला आमच्याच कचेरीत मिळत होता. त्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला, की जो कागद याच कचेरीतून निघतो तो माणसाकडं मागायचा नाही, आपण उठून आणायचा. यामुळं बाकीच्या टेबलांची वट कमी झाली आणि महिन्याभरात साहेबांनी त्यांना लेखी खुलासा मागितला. साहेब म्हणजे आमचे तहसीलदार. भाऊसाहेबांनी सुवाच्य अक्षरात एका ओळीचा खुलासा दिला: "सदर दाखला याच कार्यालयातून दिला जात असल्याने तो याच कार्यालयाने पाहिला." साहेब चांगले होते. त्यांनी तो फायलीला लावला आणि विषय संपवला.

भाऊसाहेबांची बोलायची तऱ्हा दोन प्रकारची होती. साहेबांशी ते छापील मराठी बोलत. बाकी सगळ्यांशी, माझ्याशीसुद्धा, अंथुर्ण्याची. ते मूळचे तिकडचे. घर मेंढपाळांचं. बारा वर्षांचे होईपर्यंत मेंढरांमागं हिंडलेले, मग शाळा, मग बारामतीला कॉलेज आणि मग ही नोकरी. मेंढरांबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच बोलले, तेही कामाच्या संदर्भात.

महिन्याचं विवरणपत्र करत होतो. आलेले अर्ज, मंजूर अर्ज, नामंजूर, प्रलंबित असे चार रकाने असत. मी रकाने भरत होते आणि ते एका खिशातल्या वहीत काहीतरी लिहीत होते. मी विचारलं ते काय आहे म्हणून.

"न आलेली माणसं," ते म्हणाले.

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं, की संध्याकाळी मेंढरं जाळीच्या वाड्यात घेताना कुणी मोजत बसत नाही. "दारात हुबं ऱ्हायाचं. येतील ती येऊ द्यायाची. कोन आलं न्हाय तेवढंच बघायचं. आलेल्याची काळजी न्हाय, ती आलीत." वहीत गावाला एक पान होतं. तलाठी, एसटीचे कंडक्टर, बाजाराला येणारी माणसं यांना विचारून विचारून त्यांनी नावं जमवली होती. हिला पगार मिळायला हवा, पण ही आलेली नाही. हा आंधळा आहे, आलेला नाही. शासनाला ज्या माणसांची माहिती नको होती, तीच तेवढी त्यांनी ठेवली होती.

मी पानं उलटून पाहिली. अंथुर्ण्याच्या पानावर पहिल्या ओळीत नाव नव्हतं. नुसतं एक टिंब होतं. शाई सांडली असेल म्हणून मी पुढं गेले.

दोनेक वर्षांनी कचेरीत कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एक खोली रिकामी झाली, पडदे लागले, आणि चपला बाहेर काढायची पाटी लागली. देवघरापेक्षा तिथं शिस्त जास्त होती. मग वरून कल्पना निघाली, की वालचंदनगरला कंपनीच्या वसाहतीजवळ जो कॉम्प्युटर क्लास आहे, तिथं आसपासच्या गावांतल्या लोकांनी अर्ज भरायचे आणि टेलिफोनच्या तारेवरून ते थेट इंदापूरच्या कॉम्प्युटरवर यायचे. इंदापूरला खेप नको, रांग नको. आज याला ऑनलाइन म्हणतात. आम्हाला तेव्हा तो शब्द ठाऊक नव्हता आणि तारही बहुतेक वेळा बंद असे. वारं सुटलं की फोन जाई. मग क्लासमधली मुलगी अर्जांची फ्लॉपी कागदात गुंडाळून एसटीच्या कंडक्टरकडं देई आणि तो ती आमच्या शिपायाच्या हातात ठेवी. वर मात्र अर्ज तारेवरून येतात असंच कळवलेलं होतं.

एक अडचण होती. अकरा कागदांचा अर्ज त्या पडद्यावर मावेना. तो एका पानात बसवायचं काम साहेबांनी भाऊसाहेबांना दिलं. माझ्या आठवणीत तेवढ्या एका कामात मी त्यांना खुशीत पाहिलं. जेवणाचा डबा पुढं ठेवून ते अर्ज खोडत बसत. जे कचेरीत आहे ते खोडलं, जे तलाठ्याला माहीत असतं तेही काढून टाकलं. शेवटी सहा प्रश्न उरले. त्यांतला पाचवा जुन्या अर्जात असा होता: मुलगे, भाऊ किंवा जवळचे नातेवाईक सांभाळतात काय? नसल्यास सविस्तर कारण लिहावे. खाली कारणासाठी चार ओळी मोकळ्या.

त्या चार ओळींचं काय होई ते मी रोज बघत होते. एक बाई आठवते. तिला चार पोरगे होते. भाऊसाहेबांनी विचारलं, "सांभाळीत न्हायत?" ती म्हणाली, "न्हाय." मग नियमाप्रमाणं विचारलं, "का?" अर्धा तास बाई त्या मोकळ्या ओळींकडं बघत बसली. मग समोरचा चष्मा काढून व्यवस्थित घडी घालून टेबलावर ठेवला, अर्ज उचलला आणि निघून गेली. वहीत तिचं नाव होतं ते तसंच राहिलं.

नव्या अर्जात भाऊसाहेबांनी प्रश्न ठेवला. पुढं दोन चौकोन केले, होय आणि नाही. कारणाचा रकाना काढून टाकला.

साहेबांनी हरकत घेतली. "कारण नको? लोक खोटं सांगतील, खरात."

"कारण लिहूनही खोटं सांगता येतं, साहेब," भाऊसाहेब छापील मराठीत म्हणाले. "उलट जागा जास्त मिळते."

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पोटचं पोरगं खायाला घालीत न्हाय हे एकदा सांगावं लागतंय, तेवढं बास झालं. का घालीत न्हाय ते सरकारला काय करायचंय?"

अर्ज सोपा झाला आणि लोक आले. भरपूर आले. पहिल्या झपाट्यात ज्यांच्या दारात ट्रॅक्टर उभा होता तेही आले, कारण सोपं आहे तर आपणही बघावं असा एकंदर विचार होता. तलाठ्यांनी ते चौकशीत गाळले. पण वहीतली माणसंही आली. नरसिंहपूरसारख्या लांबच्या गावांची नाहीत, पण वालचंदनगरच्या आसपासची, ज्यांनी तहसील कचेरीची पायरी कधी चढलेली नव्हती, ती त्या क्लासमधल्या मुलीसमोर जाऊन बसत होती. ती मुलगी विचारी, बटण दाबी, आणि एक चिठ्ठी हातात देई. भाऊसाहेब रोज संध्याकाळी वहीतली नावं खोडत.

मग एक विचित्र गोष्ट झाली. रांग कमी होण्याऐवजी वाढली. चिठ्ठी घेतलेले लोक ती चिठ्ठी दाखवायला एसटीनं इंदापूरला यायला लागले. चिठ्ठीवर शिक्का नव्हता. शिक्क्याशिवाय कागद कसला? एक आजोबा भाऊसाहेबांना म्हणाले, "पोरगीनं पाच मिनिटात आवरलं अन् जा म्हणाली. मला तर वाटतंय फसीवलं. एवढं सोप्पं कुठं असतंय का?"

सरकारी शिक्का खाजगी क्लासला देता येत नव्हता. भाऊसाहेबांनी बाजारातून एक गोल शिक्का करून आणला. त्यावर कचेरीचं नाव नव्हतं, शासनाचं नव्हतं, कुणाचंच नव्हतं. गोलात फक्त "अर्ज पोचला" एवढंच होतं. तो आणि जांभळ्या शाईचं पॅड त्यांनी क्लासला पाठवून दिलं. आठवड्याभरात इंदापूरची रांग गेली. साहेबांनी यावेळी खुलासाही मागितला नाही.

त्याच हिवाळ्यात एका सोमवारी कंडक्टरच्या पिशवीतून फ्लॉपी आली आणि प्रिंटरनं कर्रकर्र करत अर्ज बाहेर टाकले. मी ते गावाप्रमाणं लावत होते. अंथुर्ण्याचा एक होता. ठकूबाई नामदेव मारकड, विधवा, मूल नाही. जवळचा नातेवाईक, भाऊ: बिरा सोमा खरात. व्यवसाय: नोकरी, तहसील कार्यालय, इंदापूर. सांभाळतात काय: नाही.

मी तो दोनदा वाचला आणि मला संताप आला. माझाही भाऊ आहे. तो पुण्यात असतो आणि दिवाळीला फोन करतो, तेव्हा भावांबद्दलही माझं मत होतंच. पण हा माणूस! साऱ्या तालुक्याची न आलेली माणसं वहीत लिहून ठेवणारा, आणि सख्खी बहीण निराधार म्हणून अर्ज करते. मी तो कागद नेऊन त्यांच्यापुढं आपटलाच.

भाऊसाहेबांनी वाचला. मग खण उघडला, त्यातला एक जाड भिंगांचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि परत वाचला. त्यांना चष्मा नव्हता. त्या भिंगांतून त्यांना काहीही दिसणं शक्य नव्हतं. बराच वेळ ते कागदाकडं तोंड करून बसले. मग चष्मा काढून म्हणाले, "ह्यो तुमी बगा, बाई. नात्यातला हाय, मला बघता येत न्हाय." आणि खिशातली वही काढून त्यांनी अंथुर्ण्याच्या पानावरचं टिंब खोडलं.

माझी एसटी रोज अंथुर्ण्यावरूनच जाई. त्या संध्याकाळी मी तिथं उतरले. नवरा गेल्यावर ठकूबाई माहेरच्या गावी परतल्या होत्या आणि रस्त्यापासून आत एका खोलीच्या घरात राहत होत्या. बाई काटक, भाऊसाहेबांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. बसल्या जागेवरून उठायला त्यांना भिंत धरावी लागत होती. इतकी वर्षं दुसऱ्याच्या रानात खुरपून जगल्या. आता खुरपायला खाली बसलं की उठता येत नव्हतं, त्यामुळं दिवाळीपासून कुणी कामाला बोलावलेलं नव्हतं. घरात ज्वारीचं एक मडकं होतं आणि ते तळाला गेलं होतं. हा पगार मंजूर झाला नाही तर पुढं काय, हे मला विचारायची गरज पडली नाही.

भाऊ काही देत नाही का, असं मी विचारलं.

"देतोय की," त्या म्हणाल्या. "दरसाली गव्हाचं पोतं धाडतोय. म्या पोतं धुते अन् तेवढीच बाजरी भरून माघारी धाडते. औंदा बाजरी न्हाय, म्हून गव्हाचं पोतं तसंच माघारी लावून दिलं."

"पण का?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. भाऊ शाळेत गेला तेव्हा मेंढरांमागं बहीण गेली. तो बारामतीला शिकायला राहिला तीही वर्षं तिनंच मेंढरं हिंडवली. पुढं तिचं लग्न झालं. वडील गेले तेव्हा भाऊ नुकता नोकरीला लागला होता. त्यानं सगळी मेंढरं एका दिवसात विकून टाकली. ती सासरी होती. तिला नंतर कळलं.

"त्येची हुती, त्येनं इकली," ठकूबाई म्हणाल्या. "माजं म्हननं एवढंच, इचारायचं हुतं. एक सबुद. तवा इचारलं न्हाय, आता पोतं कशाला धाडतो?"

मग इतकी वर्षं निराधारचा अर्ज का केला नाही, असं मी विचारलं. अकरा कागद नव्हते म्हणून?

त्या हसल्या. "कागुद काय, केलं असतं गोळा. इंदापूरला त्येच्या टेबलाम्होरं जाऊन हुबं ऱ्हायाचं? अन् त्येनं मला खुर्चीत बसवून चष्मं दावायचं? आता वालचंदनगरला ती पोरगी हाय. तिला म्या कोन ते म्हाईत न्हाय. बरं पडलं."

अर्ज सोपा केल्यानं काय फरक पडला यावर पुढं मी वरच्या साहेबांची बरीच भाषणं ऐकली. कागद कमी, वेळ कमी, खर्च कमी. ठकूबाईंची गोष्ट कुणी सांगितली नाही. त्यांच्या वाटेत कागद नव्हतेच, भाऊ बसला होता. तो टळला आणि त्या आल्या.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत आले ती खजील होऊन. भाऊसाहेबांचा जबाब घ्यायचा होता, कारण नातेवाईक नोकरदार असला की त्याचा जबाब लागे. मी लिहायला घेतलं, की मी बहिणीस दरवर्षी धान्य पाठवतो, परंतु ती ते स्वीकारत नाही.

"खोडा," भाऊसाहेब म्हणाले.

"खरं आहे ना ते?"

"खरं हाय. म्हून तर खोडा. देणारा भाऊ हाय अन् ही घेत न्हाय असं कागदावर आलं, तर समिती काय म्हनंल? आधार हाय म्हनंल. अर्ज फेटाळतील. मग ती खाणार काय?"

"पण मग लोक तुम्हाला काय म्हणतील?"

"बाई, लिवा. मी सांगतो तसं लिवा." आणि त्यांनी छापील मराठीत, स्वल्पविरामासकट सांगितलं: "समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की, अर्जदार ही माझी सख्खी बहीण असून, मी तिला सांभाळत नाही. हा जबाब मी राजीखुषीने दिला आहे." मी लिहिलं. सही करण्याआधी त्यांनी माझ्या समासावर बोट ठेवलं. "डाव्या बाजूला दोन बोटं जागा सोडायची. फायलीला भोक पाडल्यावर अक्षरं जात्यात." मग सही केली.

समितीची बैठक महिन्याअखेर झाली. साहेब, आणि तालुक्यातली चार-पाच वजनदार माणसं. भाऊसाहेब नेहमीसारखे फायली घेऊन बाजूला उभे. मी अर्ज वाचून दाखवत होते. ठकूबाईंचा आला. मी शक्य तितक्या भरभर वाचला, पण एका सदस्यानं मान वर केलीच.

"बिरा सोमा खरात? म्हंजी आपलेच भाऊसाहेब?"

"होय," भाऊसाहेब म्हणाले.

"सख्ख्या बहिणीला सांभाळत नाही?"

"नाही."

"का हो?"

खोलीत सगळे त्यांच्याकडं बघत होते. साहेबांनी खाली पाहिलं. मला वाटलं आता तरी हा माणूस एक वाक्य बोलेल. भाऊसाहेबांनी पुढची फाईल माझ्याकडं सरकवली.

"अर्जात कारणाचा रकाना नाही, साहेब," ते म्हणाले.

अर्ज मंजूर झाला. मंजूर नावांची यादी नियमाप्रमाणं अंथुर्ण्याच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली आणि आठ दिवसांत सगळ्या भावकीला कळलं, की ज्याच्या हातून तालुक्याचे पगार होतात त्याची बहीण निराधार आहे आणि त्यानं तसं लिहूनही दिलंय. त्या उन्हाळ्यात त्यांच्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. आम्ही कचेरीतले पाच-सहा जण गेलो होतो. मांडवात मानाचे फेटे बांधायला नावं पुकारत होते. एरवी भावकीच्या लग्नांत भाऊसाहेबांचं नाव पहिल्या पाचांत असे. यावेळी ते पुकारलं गेलं नाही. आमच्या शिपायाला बांधला, मला नारळ दिला. भाऊसाहेब उठले आणि पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरायला लागले. मी त्यांना म्हटलं, मी सांगते यांना खरं काय ते. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "गप ऱ्हावा. तोंडी सांगितलं तरी ते तिच्या पगाराला बाधतंय. जेवा तुमी." मी जेवले. मला ते अन्न गोड लागलं नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सत्कारात तीन भाषणं झाली आणि तिन्हींत ते शिस्तप्रिय होते असं सांगितलं गेलं. चष्मे त्यांनी माझ्याकडं दिले. वही दिली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी एका चौकशीसाठी मी अंथुर्ण्याला गेले होते. पोस्टाची तिकिटं हवी होती म्हणून पोस्टात शिरले. निराधारचा पगार तिथंच मिळे आणि तो वाटपाचा दिवस होता. ठकूबाई खिडकीशी उभ्या होत्या, भिंतीला हात लावून. अंगठा उठवणाऱ्याला ओळखीचा साक्षीदार लागतो. त्यांच्या शेजारी खरात भाऊसाहेब उभे होते, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात पेन उघडून. गावातल्या माणसानं सांगितलं, की ते दर महिन्याला या दिवशी इंदापूरहून एसटीनं येतात, साक्षीदाराची सही करतात आणि पुढच्या एसटीनं परत जातात. बहिणीनं बोलावलेलं नसतं आणि हाकललेलंही नसतं.

पोस्टमास्तर नवा होता. त्यानं स्लिप पाहिली आणि भाऊसाहेबांना विचारलं, "खातेदार तुमच्या कोण?"

"वळखीच्या हायत," भाऊसाहेब म्हणाले.

ठकूबाईंनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. मग खिडकीत वाकून पोस्टमास्तरला म्हणाल्या, "वळखीचा न्हाय. भाऊ हाय माजा. सांभाळीत न्हाय. पर म्हैन्याच्या म्हैन्याला येतोय."

पोस्टमास्तरनं लिहून घेतलं. ठकूबाईंनी पैसे पदरात बांधले आणि त्या दाराकडं वळल्या. भाऊसाहेब पेन खिशाला लावत तिथंच उभे राहिले. एसटी यायला दहा मिनिटं होती.

"तू कुठं निगालास?" ठकूबाई दारातून म्हणाल्या. "चल घरला. भाकरी खाऊन जा. पगार हाय मला."

भाऊसाहेब त्यांच्या मागोमाग निघाले. त्यांच्या चालीनं, एकेक पाऊल थांबत थांबत. समोरून इंदापूरची एसटी आली, थांबली आणि निघून गेली. मी हाक मारली नाही.